रस्ता न धरणारी कॅम्पर व्हॅन

रस्ता सरळ असतो, स्टिअरिंग सरळ धरलेले असते, तरी गाडी कधी डावीकडे सरकते, कधी उजवीकडे. चालकाला तिला क्षणाक्षणाला थोडेथोडे आवरून जागेवर आणावे लागते आणि शंभर किलोमीटरनंतर त्याचे खांदे भरून येतात. गॅरेजच्या बोलीत अशी गाडी 'वाहते' किंवा 'रस्ता धरत नाही'. एकाच बाजूला 'ओढणारी' गाडी हे वेगळे प्रकरण आहे. ओढण्यामागे बहुधा एका बाजूचे कारण सापडते: चिकटलेला ब्रेक, कमी हवेचा टायर, बिघडलेले अलाइनमेंट. वाहणाऱ्या गाडीला बाजू नसते, म्हणून तिचे निदान अवघड. फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर गाडीवर बांधलेल्या जुन्या कॅम्पर व्हॅन या दोषासाठी जगभर ओळखल्या जातात. त्यांच्या वाहण्याचा काही भाग जन्मजात आहे, काही वयाने आलेला. हे दोन भाग वेगळे करायचे, तर गाडी अशी का घडवली गेली तिथपासून सुरुवात करावी लागते.

घोड्यांच्या चारचाकीत पुढची संपूर्ण धुरी मधल्या एका खुंटीवर फिरत असे. मुंबईच्या रस्त्यांवरची व्हिक्टोरियाही याच तत्त्वाने वळत असे. ही रचना दणकट होती, पण वळताना धुरीचे एक टोक गाडीच्या पोटाखाली जाई आणि गाडी कलंडण्याची भीती राही. १८१६ च्या सुमारास म्युनिकचा गाडी बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने धुरी जागेवर ठेवून दोन्ही चाके आपापल्या खुंटीवर फिरवण्याची युक्ती काढली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये रूडॉल्फ अ‍ॅकरमन याच्या नावाने नोंदले गेले आणि ही भूमिती आजही त्याच्याच नावाने शिकवली जाते. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनात वळावे, हे तिचे सार. कार्ल बेंझची १८८५ ची गाडी तीनचाकी होती, कारण चारचाकीच्या स्टिअरिंगचे समाधानकारक उत्तर तेव्हा त्याच्यापाशी नव्हते. ते पुढे १८९३ च्या व्हिक्टोरिया या गाडीत आले.

या सोयीची किंमत सांध्यांत मोजावी लागली. आधी एक खुंटी होती. आता दोन खुंट्या, त्यांना जोडणारा दांडा, त्या दांड्याच्या टोकांचे सांधे, चालकाच्या हातापासून तिथपर्यंत जाणारे आणखी दांडे आणि वेग कमी करून जोर वाढवणारी गियरची पेटी आली. प्रत्येक सांधा झिजतो, आणि प्रत्येकाची ढिलाई पुढच्याच्या ढिलाईत मिळते. सहा सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर सैलपणा असेल, तर यातला एकही सांधा हाताने हलवून फारसा संशय येत नाही, पण चाकाकडे पोहोचेपर्यंत त्या सगळ्यांची बेरीज झालेली असते.

घोड्याच्या वेगाला ही बेरीज कुणाला जाणवली नाही. मोटारी वेगाने धावू लागल्या, १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, कमी हवेचे फुगीर टायर आले, आणि पुढची चाके थरथरू लागली. मग अभियंत्यांचे लक्ष टायरकडे वळले. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये दाखवले की रबरी टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेने जात नाही. बाजूने जोर आला की त्याचा जमिनीला टेकलेला भाग पिळवटतो आणि चाक थोड्या तिरक्या वाटेने चालते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली याने पुढची चाके स्वतंत्रपणे झुलवण्याची रचना यशस्वी केली. त्या कामात टायरच्या या तिरकेपणाचा हिशेबही आला: पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त तिरके सरकले की गाडी वळायला आळस करते, मागचे जास्त सरकले की ती आपणहून आत वळू पाहते. अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर हे शब्द याच कामातून रूढ झाले. वाहण्याचे मूळ फक्त लोखंडात शोधायचे नसते, रबरातही शोधायचे असते, हे तेव्हापासून माहीत आहे. तरीही मेस्त्रीचा हात आजही आधी स्टिअरिंगच्या पेटीकडे जातो.

ट्रान्सपोर्टरचा जन्म एका कच्च्या रेखाटनातून झाला. डच आयातदार बेन पोन याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चौकोनी डबा काढला: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, माल मध्ये. फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग कारखान्याचे प्रमुख हाइनरिश नोर्डहोफ यांनी ही कल्पना उचलली. बीटल मोटारीचा तळ वापरून केलेला पहिला नमुना भाराने वाकला, म्हणून गाडीला स्वतःची मजबूत चौकट द्यावी लागली. सपाट तोंडाच्या नमुन्याची ब्राउनश्वाइगच्या वातबोगद्यात चाचणी झाली. वाऱ्याला होणाऱ्या अडथळ्याचा गुणांक ०.७५ च्या आसपास होता, तो तोंडाला गोलाई दिल्यावर ०.४४ पर्यंत उतरला. ८ मार्च १९५० रोजी उत्पादन सुरू झाले. इंजिन ११३१ सीसीचे, २५ अश्वशक्तीचे.

याच इंजिनाशी महाराष्ट्राच्या ओळखीचे एक नाव जोडलेले आहे. हॅम्बुर्गच्या फिडाल उंड झोन कंपनीची १९४९ ची टेम्पो मॅटाडोर सुरुवातीला फोक्सवॅगनच्या इंजिनावर चालत असे. ट्रान्सपोर्टर बाजारात आल्यानंतर, १९५२ मध्ये, हा पुरवठा थांबला. त्याच जर्मन कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, आणि टेम्पो व मॅटाडोर ही दोन्ही नावे मराठी बोलण्यात कायमची रुजली.

ब्राउनश्वाइगच्या बोगद्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याचा प्रश्न सुटला. आडव्या वाऱ्याचा सुटला नाही, आणि या आकारात तो सुटण्यासारखाही नव्हता. वारा गाडीच्या उंच सपाट कुशीवर आदळतो, तेव्हा त्याचा एकवटलेला जोर गाडीच्या पुढच्या भागावर येतो. गाडीचे वजन मात्र इंजिनामुळे मागे झुकलेले असते. जोर एका ठिकाणी, वजन दुसऱ्या ठिकाणी, म्हणून गाडी नुसती बाजूला ढकलली जात नाही, तिचे नाक वारा जिकडे वाहतो तिकडे वळते. शेजारून मोठा ट्रक जाताना गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर फक्त २.४ मीटर असल्याने हे वळणे लवकर घडते. सगळे सांधे नवेकोरे असतानाही ही गाडी वादळी हवेत डोलत असे. हा तिचा जन्मजात भाग.

पुढचा सांगाडा बीटलच्याच घराण्यातला होता. एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या, त्यांच्या आत पिळवटणाऱ्या पोलादी पट्ट्या, आणि नळ्यांच्या टोकांतून मागे वळलेले हात. या हातांना चाके. चाक किंगपिनवर फिरत असे आणि किंगपिनचे घर लिंकपिनांनी हातांना जोडलेले असे. चालक पुढच्या चाकांच्या वर बसत असल्यामुळे स्टिअरिंगचा दांडा बसगाडीसारखा जवळपास उभा उतरे. खाली गियरची पेटी. तिच्यापासून एक लांबट दांडा मागे नळ्यांवर बसवलेल्या मधल्या तरफेकडे जाई. आणि त्या तरफेतून दोन्ही चाकांकडे दोन टायरॉड. लांबट दांड्याची दोन टोके आणि टायरॉडची चार, असे सहा बॉल सांधे आणि त्यांच्या मधोमध त्या तरफेची खुंटी.

ही खुंटी या गाडीच्या आजारपणात फार मोठी भूमिका बजावते. ती खाली असते, चिखलपाणी खाते, आणि तिला नियमित ग्रीस लागते. ग्रीस न मिळालेली खुंटी आधी झिजते, पुढे गंजून घट्ट होते. दोन्ही अवस्थांत गाडी वाहते, पण कारणे उलट आहेत. झिजलेली तरफ चाकांना मोकळे सोडते. घट्ट झालेली तरफ त्यांना सरळ परत येऊच देत नाही, चालक त्यांना जिथे सोडतो तिथेच ती राहतात, आणि प्रत्येक दुरुस्ती थोडी जास्त किंवा थोडी कमी होते. पुढच्या सांगाड्याला ग्रीस भरताना गाडी उचलून चाके मोकळी लोंबती ठेवावी लागतात. चाकांवर भार असताना ग्रीस दाबली, तर भाराखाली चिकटलेल्या बाजूला ती पोहोचत नाही, नेमकी जिथे झीज होत असते तिथे. हा साधा नियम न पाळल्यामुळे कितीतरी किंगपिन अकाली गेल्या.

मागे बीटलसारखाच झुलता अ‍ॅक्सल होता, आणि चाकांपाशी युद्धकाळातल्या क्यूबेलवागन या लष्करी गाडीतून आलेले जास्तीचे गियर. झुलत्या अ‍ॅक्सलला आतल्या टोकालाच सांधा असतो, त्यामुळे चाक वरखाली होताना त्याचा कलही बदलतो. जोरात वळताना मागचा भाग वर उचलला गेला, तर बाहेरचे चाक आत मुडपते आणि पकड एकदम सुटते. अमेरिकेत शेव्हरले कॉर्व्हेअर या दुसऱ्या मागे-इंजिनाच्या गाडीवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' या पुस्तकात केलेल्या टीकेने हा अ‍ॅक्सल सर्वांच्या चर्चेत आला. व्हॅनचा वेग कमी असल्याने तिच्याबाबत तेवढे काहूर उठले नाही.

गाडीचे घर करण्याचे काम लगेच सुरू झाले. वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ मध्ये 'कॅम्पिंग बॉक्स' आणला: बसवता-काढता येणारे कपाट, पलंग आणि स्वयंपाकाची सोय. ब्रिटनमध्ये सिडमथच्या डेव्हनने १९५६ पासून हेच केले, तर फोकस्टनचे डॉर्मोबाइल उघडणाऱ्या छतासाठी ओळखले गेले. घर म्हणजे वजन, आणि ते बव्हंशी वर आणि मागे. पाण्याची टाकी, गॅसची टाकी, लाकडी कपाटे, छतावरचे सामान यांनी भारकेंद्र उंच होते, आणि मागच्या बाजूचा भार पुढच्या चाकांना हलके करतो. चाक हलके झाले की टायरची बाजूची पकड घटते. मालवाहू व्हॅनमध्ये न जाणवणारा सैलपणा त्याच गाडीची कॅम्पर केल्यावर जाणवतो, तो यामुळे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशाच गाड्या युरोपातून इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबर खिंड आणि लाहोर करत भारतात येऊ लागल्या आणि त्यांतल्या अनेक हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातला सोव्हिएत शिरकाव यांनी ती वाट बंद झाली. खडी, वाळू आणि धूळ यांतून हजारो किलोमीटर गेलेल्या पुढच्या सांगाड्यात फाटलेल्या रबरी टोप्यांतून धूळ शिरते आणि ग्रीसशी मिसळून ती घासण्याच्या लेपासारखे काम करते. अंतरापेक्षा रस्त्याची जात सांध्याचे आयुष्य ठरवते.

ऑगस्ट १९६७ मध्ये, दुसऱ्या पिढीत, गाडी मुळापासून बदलली. काचेचा मोठा पुढचा भाग सर्वांना दिसला. निदान करणाऱ्यासाठी महत्त्वाचे बदल खाली होते. किंगपिन जाऊन बॉल जॉइंट आले. मागचा झुलता अ‍ॅक्सल जाऊन दोन्ही टोकांना सांधे असलेले अर्धे दांडे आणि तिरके हात आले, त्यामुळे मागच्या चाकांचा कल पूर्वीसारखा बदलेनासा झाला. गाडीच्या स्वभावातली ही सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि तिचे श्रेय दिसण्यातल्या बदलांनी खाल्ले. मात्र झिजण्याच्या जागा संपल्या नाहीत, हलल्या. किंगपिनला बुश बदलून नवे आयुष्य देता येई. बॉल जॉइंट गेला की तो दाबयंत्राने काढून नवा बसवावा लागे. नळ्या, मधली तरफ आणि सहा सांधे तसेच राहिले.

टायरही याच सुमारास बदलत होते. मिशलॅनने रेडियल टायरचे पेटंट १९४६ मध्ये घेतले आणि १९४९ मध्ये तो विकायला आणला, पण व्हॅनना आडव्या-तिरक्या विणीचे जुने टायर बराच काळ लागत राहिले. जुन्या विणीचा टायर रस्त्यावरच्या चाकोरीमागे धावतो. रेडियल तेवढा धावत नाही, पण त्याची कूस मऊ असते, आणि मोटारीचा रेडियल व्हॅनला लावला तर वजनाखाली ती कूस डुलते. म्हणून ट्रान्सपोर्टरला १८५ आर १४ सी हा भार पेलणारा व्हॅनचा टायर दिला गेला. हवाही असमान लागते: पुढे सुमारे ३० पौंड, मागे सुमारे ४०. चारही चाकांत सारखी हवा भरण्याच्या सवयीने ही गाडी जितकी वाहते तितकी क्वचित दुसऱ्या कशाने वाहते.

निदानाची विद्या कारखान्याच्या कार्यशाळेबाहेर आणण्याचे मोठे काम एका पुस्तकाने केले. विमान उद्योगातली अभियंत्याची नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत स्थिरावलेल्या जॉन म्यूर यांचे 'हाउ टु कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह' १९६९ मध्ये निघाले. पीटर अ‍ॅशवांडन यांची चित्रे आणि गाडी कधी उघडली नाही अशा माणसासाठी लिहिलेल्या पायऱ्या, यांमुळे ते हातोहात गेले. आधी पाहा, मग हलवून पाहा, मगच पाना लावा, ही शिस्त सामान्य मालकापर्यंत नेण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

ती शिस्त जुन्या ट्रान्सपोर्टरवर चालते ती अशी. आधी टायर: वय, जात, चारही एकाच प्रकारचे आहेत का, थंड असताना हवा किती, आणि रबर कुठून खाल्ले गेले आहे. आतून किंवा बाहेरून एकसारखा खाल्लेला टायर अलाइनमेंटकडे बोट दाखवतो, ठिकठिकाणी खळगे पडलेला टायर सैल सांध्याकडे किंवा मेलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडे. मग गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टिअरिंग बोटाने डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली हालचालीचा माग काढायचा: उभ्या दांड्याचा रबरी जोड, पेटीचा हात, लांबट दांडा, तरफ, टायरॉड. ज्या सांध्याच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तो दोषी. चाके उचलून ही तपासणी केली तर ती फसवते, कारण मोकळ्या चाकाला हलवायला जोरच लागत नाही आणि ढिलाई लपते.

चाक उचलायचे ते पुढच्या पायरीला. वर आणि खाली धरून ते हलवले आणि खुटखुट लागली, तर कारण बेअरिंगही असू शकते आणि किंगपिन किंवा बॉल जॉइंटही. दोन्हींतला फरक ब्रेकने कळतो. कुणीतरी ब्रेक दाबून धरला आणि खुटखुट गेली, तर बेअरिंग. राहिली, तर सांधा. डावी-उजवीकडे हलवल्यावरची खुटखुट टायरॉडची. नळ्यांतून निघणारे हात पहारीने हलवून आतली बेअरिंगे पाहावी लागतात. ही तपासणी बहुतेक वेळा राहून जाते, आणि नवे टायरॉड घातल्यावरही गाडी वाहत राहण्यामागे हीच बेअरिंगे असतात. जिथे गंज आहे तिथे नळ्यांचे चौकटीला जोडलेले बोल्ट आणि आजूबाजूचा पत्राही हातोडीने ठोकून पाहावा लागतो. बद्द आवाज येणाऱ्या पत्र्यावर कोणतेही अलाइनमेंट टिकत नाही.

स्टिअरिंगची पेटी शेवटी, आणि ती सर्वांत आधी उघडली जाते हे दुर्दैव. पेटीवरचा स्क्रू आवळणे सोपे असते आणि ढिलाई लगेच कमी झाल्यासारखी वाटते. पण पेटी मधोमध सर्वांत जास्त झिजते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जात असते. मधली जागा घट्ट होईपर्यंत स्क्रू आवळला, की पूर्ण वळवताना पेटी अडकते, आणि चाके आपणहून मध्यावर परतत नाहीत. मग गाडी आणखी वाहते, आता घट्टपणामुळे. स्टिअरिंगला लावलेला छोटा डॅम्परही असाच फसवा उपाय ठरतो: नवा डॅम्पर थरथर दाबतो, सैल सांधा आत तसाच झिजत राहतो.

सांधे पक्के झाल्यावरच कोन मोजण्यात अर्थ आहे. किंगपिन किंवा बॉल जॉइंटांची रेषा मागे झुकलेली असते, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलच्या पुढच्या काट्याचा कल हेच काम करतो. त्याने चाक सरळ होऊ पाहते. १९६७ नंतरच्या ट्रान्सपोर्टरवर हा झुकाव सुमारे तीन अंश होता, आणि तो वेगळा बदलायची सोय नव्हती. म्हणून शोभेसाठी पुढचा भाग खाली आणलेली किंवा मागून उंच केलेली गाडी कॅस्टर गमावते आणि वाहते. चाकांचे तोंड किती आत वळलेले आहे, ते मात्र टायरॉड फिरवून बदलता येते. यंत्रे येण्यापूर्वी ते खडूने मोजत: उचललेले चाक फिरवत टायरवर बारीक रेघ ओढायची, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलायची, आणि दोन्ही चाकांच्या रेघांमधले अंतर धुरीच्या पुढे व मागे मोजून फरक काढायचा. नीट केले तर ही पद्धत आजही चालते. मागच्या तिरक्या हातांच्या रबरी बुशही पाहाव्या लागतात. त्या मेल्या की मागचे चाक स्वतःच वळते, आणि मागून येणारी ही डुल चालकाला पुढून आल्यासारखी भासते.

१९७९ मध्ये तिसरी पिढी आली. पिळवटणाऱ्या पट्ट्यांच्या जागी पुढे कॉइल स्प्रिंग, पेटीच्या आणि तरफेच्या जागी रॅक अँड पिनियन, आणि कॅस्टर सात अंशांच्या पुढे. भार पुढे-मागे जवळपास सारखा वाटला गेला. मधली तरफ आणि तिच्याकडे जाणारा लांबट दांडा संपला, आणि वाहण्याचा जन्मजात भाग बराच घटला. वयाने येणारा भाग आता रबरात शिरला: पुढच्या हातांच्या बुश, त्यांना पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांच्या बुश, स्टिअरिंगच्या दांड्यातला रबरी जोड. लोखंडी सांधा खुटखुट करून बातमी देतो. जुने रबर आवाज न करता मऊ पडते, आणि भार आल्यावरच सरकते. त्यामुळे या गाडीवर हाताने हलवून काही सापडत नाही, पहार लावून भाराची नक्कल करावी लागते. कॅस्टर ठरवणारा दांडा बुश मेल्यामुळे ब्रेक लावताना मागे सरकला, तर गाडी नेमकी ब्रेक लावतानाच दिशा बदलते. हे लक्षण या पिढीचे खास आहे.

नळ्यांचा जुना पुढचा सांगाडा मात्र त्यानंतरही बनत राहिला. ब्राझीलमध्ये दुसऱ्या पिढीची ट्रान्सपोर्टर 'कोंबी' या नावाने २०१३ च्या अखेरपर्यंत तयार होत होती.